आर्व्हो लेप्पाला पडायला शिकतो

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०१४. अकरा डॉलर पंचाण्णव सेंट, कर धरून.

एवढ्या रकमेत आर्व्हो लेप्पालाने खेळाच्या सामानाच्या दुकानातून एक पांढरा पट्टा विकत घेतला. पांढरा पट्टा म्हणजे नवशिक्याचा. आर्व्होच्या घरी दाराआडच्या खुंटीला कराटेचा काळा पट्टा होता, एकतीस वर्षांचा, धागे निघून निघून आता करडा झालेला. गेली सव्वीस वर्षं तो स्वतः कराटे शिकवत होता.

"कोणासाठी हवाय?" दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"नातवासाठी."

"केवढा आहे?"

"आठ वर्षांचा."

"मग हा सहा नंबर कशाला काढलात? त्याला तीन वेढे बसतील."

"अंगाने दांडगा आहे," आर्व्हो म्हणाला आणि पावती घडी करून पाकिटात ठेवली.

त्याला नातू नव्हता. एकुलती एक मुलगी व्हँकुव्हरला होती आणि तिच्याकडे दोन मांजरं होती.

आर्व्हो तेव्हा सत्तावन्न वर्षांचा. वडील लाकूडतोड्यांच्या तळावर आचारी होते. आर्व्होने पोर्ट आर्थरमध्ये तीस वर्षं घरोघर टपाल वाटलं. त्या तीस वर्षांत त्याला एकही कुत्रा चावला नाही, आणि याचं श्रेय तो कराटेला देत असे. बायको, मर्याता, त्याचं श्रेय खिशातल्या बिस्किटांना देई. माणूस अत्यंत नेटका. छत्री, डबा, बर्फाचं फावडं, प्रत्येक वस्तूवर काळ्या शाईने ए. लेप्पाला असं लिहिलेलं. फिनिश समाजाच्या जुन्या हॉलच्या तळघरात त्याचा वर्ग भरे. तिथे भिंतीवर त्याने स्वतः रंगवलेली पाटी होती : 'एक वाट'. अर्थ साधा होता. इथे कराटे शिकणाऱ्याने दुसरीकडे काही शिकायचं नाही. १९९८ साली एक जण चोरून बॉक्सिंगला जातो असं कळलं, तेव्हा आर्व्होने सगळ्यांसमोर त्याचा पट्टा सोडून घेतला होता. तो माणूस पुढे महापालिकेत बर्फ काढणाऱ्या गाड्यांवर लागला. आर्व्होची गल्ली तेव्हापासून दर हिवाळ्यात सगळ्यांत शेवटी साफ होते.

असा माणूस पांढरा पट्टा घ्यायला का गेला, याचं कारण बटाट्याच्या सॅलडजवळ घडलं होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, कामगार दिनाच्या सुट्टीला, वर्गाची सहल सरोवराकाठी गेली होती. मर्याताच्या बहिणीचा मुलगा रूडी तिथे आला. वय एकोणीस, कॉलेजात कुस्ती खेळणारा, मानेपेक्षा डोकं बारीक. तोंडात सॉसेज धरून त्याने विचारलं, "काका, खरोखरची झोंबाझोंबी झाली तर कराटेचं काय होतं हो?"

सगळा वर्ग ऐकत होता. आर्व्हो कोट काढून उभा राहिला. "ये. धर मला."

रूडी आला. आर्व्होची मूठ सुटली आणि रूडीच्या हनुवटीपासून बरोब्बर एक बोट अंतरावर थांबली. ठोसा इतका देखणा होता की दोघांनी टाळ्या वाजवल्या. मग आर्व्होने तीस वर्षं प्रत्येक सामन्यात जे केलं होतं तेच केलं. एक पाऊल मागे आला, हात खाली घेतले, छाती काढली, आणि उजवीकडे पाहिलं. कराटेच्या सामन्यात उजवीकडे पंच असतो आणि गुण मिळाला की झेंडा वर जातो.

उजवीकडे त्याची विद्यार्थिनी लॉर्ना पेल्टो बटाट्याचं सॅलड वाढत होती. तिच्या हातात चमचा होता. तो वर गेला नाही.

तेवढ्यात रूडीने कंबरेला मिठी मारली आणि काकांना उचलून अलगद गवतावर उताणं ठेवलं. आर्व्होने हात हलवले, पाय हलवले. पाठीवर पडलेला माणूस काय करतो, हे त्याच्या कराटेत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"काका, लागलं का?"

"गुण माझा होता," आर्व्हो आभाळाकडे बघत म्हणाला.

"हो काका. उठवू का?"

त्यानंतर वर्गाला गुरुवारी अडचणी येऊ लागल्या. वेंडेल कोझाक, धान्याच्या गोदामात काम करणारा सहा फुटी माणूस, दर गुरुवारी दाताच्या डॉक्टरकडे जाऊ लागला. आठवा गुरुवार झाला तेव्हा आर्व्होने मनाशी हिशेब केला की इतके दात माणसाला असत नाहीत. लॉर्ना शाळेत ग्रंथपाल होती. तिच्या सासूबाई फक्त गुरुवारी आजारी पडत. ऑक्टोबरअखेर त्याने गुरुवारचा वर्ग बंद केला आणि मंगळवार, शनिवार ठेवले. पटावर अकरा नावं उरली.

आणि बारा लागत. हॉलच्या समितीचा नियमच तसा होता. १५ डिसेंबरच्या सभेत ज्या गटाचे बारा सभासद भरत नाहीत, त्याचं तळघर जातं. मागणारे तयारच होते. समितीच्या अध्यक्ष इर्या कस्की, वय बहात्तर, स्वतःच रांगेत नाचणाऱ्या बायकांचा गट चालवत. काऊबॉय बूट घालून चौदा जणी एका ओळीत उभ्या राहत आणि वरच्या मजल्यावरून आर्व्होच्या डोक्यावर टाचा आपटत. त्यांना तळघराची फरशी हवी होती.

"मला तुझ्याशी वैर नाही हो," इर्याबाई त्याला म्हणाल्या होत्या. "पण तुझे अकरा जण एवढ्या मोठ्या खोलीत वाटाण्यासारखे विखुरलेले दिसतात. एक माणूस आण. बारावा."

तळघर गेलं तर सव्वीस वर्षांचा वर्ग गेला. गॅरेजमध्ये मर्याताची गाडी होती आणि ती गाडी हलवणार नव्हती. नवा माणूस यायचा तर कशाच्या जोरावर येणार? सहलीची गोष्ट गावभर झाली होती. पाठीवर पडलं की काय करायचं, ते शिकल्याशिवाय आर्व्होला तोंड दाखवायला जागा नव्हती. फक्त ते कोणाला कळता कामा नये.

ज्युदोचा, म्हणजे धरून आपटण्याचा आणि नीट पडण्याचा, वर्ग फोर्ट विल्यममध्ये होता, गुरुवारी. ही जागा त्याला आदर्श वाटली. पोर्ट आर्थर आणि फोर्ट विल्यम ही दोन गावं १९७० साली एक करून त्यांचं थंडर बे केलं, पण ते नकाशावर. पोर्ट आर्थरचा माणूस अजूनही फोर्ट विल्यमला जातो तो कोर्टाची नोटीस आली तर. तिथे ओळखीचं कुत्रंही भेटणार नाही, असा आर्व्होचा अंदाज होता.

गुरुवारी, ६ तारखेला, तो पांढरा पट्टा कोटाच्या आतल्या खिशात घालून गेला.

ज्युदो शिकवणाऱ्या ओडेट ब्रिझब्वा पाच फूट उंचीच्या, चौसष्ट वर्षांच्या, शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या. सगळ्या जगाला त्या बसमधल्या पोरांसारखं अरेतुरे करीत.

"नाव सांग."

"कारी निएमी," आर्व्होने पाठ केलेलं नाव सांगितलं.

"याआधी काही शिकलायस?"

"नाही, मॅडम. बागकाम."

"पहिला दिवस फुकट. मग दर वेळी दहा डॉलर. बूट तिकडे काढ."

तो गादीवर जाऊन पट्ट्याची गाठ मारू लागला. गाठ मुद्दाम चुकीची मारली. तेवढ्यात दार उघडलं आणि वेंडेल कोझाक आत आला.

दोघंही जागच्या जागी थिजले. कोझाक सवयीने कमरेत वाकला. "सेन्सेई," असं सुरू करून त्याने पुढचे शब्द गिळले. वर्गात गुरूला सगळे तेच म्हणत.

"मी निएमी," आर्व्हो ओठ न हलवता म्हणाला.

कोझाकने क्षणभर विचार केला. "मीसुद्धा इथे नाही. मी दाताच्या डॉक्टरकडे आहे."

त्याच्या मागून लॉर्ना आली, आजारी सासूला घरी सोडून. तिच्या मागून आर्व्होच्याच वर्गातले आणखी तिघं. प्रत्येक जण दारात थबकला, प्रत्येकाने आर्व्होकडे पाहिलं आणि मग छताकडे पाहिलं. छताकडे बघणाऱ्या माणसांची ती रांग बघून ओडेटबाईंनीही वर पाहिलं. तिथे दिव्याशिवाय काही नव्हतं.

"कोझाक!" त्या ओरडल्या. "दोन महिन्यांत बराच शिकलायस. हा नवा म्हातारा घे. त्याला पडायला शिकव."

कोझाकचा चेहरा पांढरा झाला. हळूच म्हणाला, "निएमीसाहेब, माफ करा हं."

"माफी कसली मागतोस? टाक!" ओडेटबाई म्हणाल्या.

त्याने टाकलं. आर्व्हो उभ्या कपाटासारखा गेला. गादी हलली, खिडकीची काच हलली.

"निएमी," ओडेटबाई वर उभ्या राहून म्हणाल्या, "तू पडत नाहीयेस. तू कोसळतोयस. हनुवटी छातीला लाव. पाठ गोल कर. आणि जमीन जवळ आली की हाताने तिला थप्पड मार, म्हणजे ती तुला मारणार नाही. कळलं? पुन्हा."

त्या संध्याकाळी आर्व्हो एकेचाळीस वेळा कोसळला. त्याने मोजलं.

घरी येऊन तो थेट सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, जाऊन बसला. मर्याता आतमध्ये पाणी टाकायला आली तेव्हा तिला त्याची पाठ दिसली.

"हे काय झालं?"

"बागकाम."

"नोव्हेंबरात? दोन फूट बर्फाखाली?"

"कंद लावत होतो."

"पाठीने?" मर्याता म्हणाली, आणि दगडांवर एवढं पाणी टाकलं की त्याला पुढचं उत्तर देता आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या पिशवीत मलमाची बाटली होती.

गुरुवारमागून गुरुवार गेले. मंगळवारी आणि शनिवारी हेच पाच जण तळघरात 'एक वाट' या पाटीखाली कमरेत वाकत आणि 'सेन्सेई' म्हणत. गुरुवारी त्याच सेन्सेईंना धरून आपटत. कोणी कोणाला काही बोललं नाही. फक्त मंगळवारी कोझाक जरा जास्तच खाली वाकू लागला.

एक गोष्ट मात्र आर्व्होच्या लक्षात आली आणि ती त्याला आवडली नाही. कोझाकचं कराटे सुधारलं होतं. पूर्वी कोणी जवळ आलं की तो घाबरून मागे जाई, कारण जवळ आल्यावर काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. आता माहीत होतं, म्हणून तो शांत उभा राही आणि ठोसा नेमका मारी. सव्वीस वर्षांत आर्व्होने त्याला जे ओरडून सांगितलं, ते फोर्ट विल्यमच्या गादीने दहा आठवड्यांत शिकवलं होतं.

२७ नोव्हेंबरला ओडेटबाईंनी स्वतः त्याला बोलावलं. "निएमी, तू कोणाच्या हातीच लागत नाहीयेस. सारखा निसटतोस. ये, मी धरते."

त्या पुढे आल्या. त्यांचा हात कॉलरला लागायच्या आत आर्व्होची मूठ सुटली, आणि ओडेटबाईंच्या नाकापासून एक बोट अंतरावर थांबली.

पाच माणसांनी छताकडे पाहिलं.

ओडेटबाईंनी दोन्ही डोळे नाकाशी आणून मुठीकडे पाहिलं. "बागकाम," त्या म्हणाल्या.

"गुलाब," आर्व्हो म्हणाला. आणि सवय ती सवय. एक पाऊल मागे आला, हात खाली घेतले, छाती काढली, उजवीकडे पाहिलं.

पुढच्या क्षणी तो हवेत होता. पण या वेळी हनुवटी आपोआप छातीला लागली, पाठ गोल झाली, हात गादीवर फाडकन वाजला. आर्व्हो पडला, आणि पडल्या पडल्या उठून बसला. स्वतःच चकित झाला.

"हां!" ओडेटबाई ओरडल्या. "हे पडणं! पहिल्यांदा माणसासारखा पडलास!" मग त्याला हात देताना कानाशी म्हणाल्या, "लेप्पाला, ठोसा सुरेख आहे. पण मारून झाल्यावर पाहुण्यासारखा उभा का राहतोस?"

"तुम्हाला नाव कसं कळलं?"

"पहिल्याच दिवशी. तुझ्या जॅकेटच्या कॉलरला आतून शाईने लिहिलंय." त्या हसल्या. "माझी पोरं धरायला जातात तेव्हा तोंड पुढे करून जातात. उद्या कोणी खरोखरचा ठोसा मारला तर दात जातील. ते तू शिकव त्यांना. पडणं मी शिकवते तुला."

"मी इथे निएमी आहे," आर्व्हो म्हणाला. "निएमी काही शिकवू शकत नाही."

"मग लेप्पालाला विचारून सांग," ओडेटबाई म्हणाल्या.

त्या गडबडीत तो फी न देताच बाहेर पडला. ओडेटबाईंच्या वहीत त्या दिवशी निएमीच्या नावापुढे रकाना कोरा राहिला.

सोमवार, १५ डिसेंबर. उणे बावीस अंश. हॉलच्या पायऱ्यांवर काचेसारखा बर्फ. याच पायऱ्यांवर दोन वर्षांपूर्वी आर्व्होचं मनगट मोडलं होतं. आज त्याच्या हातात पट होता, अकरा नावांचा. बारावं मिळालं नव्हतं. वर दाराशी इर्याबाई, समितीची मंडळी आणि आर्व्होचा वर्ग त्याची वाट बघत उभे होते.

चौथ्या पायरीवर त्याचे दोन्ही पाय पुढे निघून गेले.

इर्याबाई किंचाळल्या. आर्व्हो हवेत आडवा झाला, पाठ गोल झाली, खाली साफ केलेल्या फरशीवर हात असा वाजला की रस्त्यापलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं. आणि त्याच झोकात तो कोलांटी घेऊन उभा राहिला. पट हातातच होता. टोपी तेवढी पडली.

 मग कोझाकला राहवलं नाही. टाळ्या वाजवत तो ओरडला, "वा! काय पडलात, निएमीसाहेब!"

"निएमी कोण?" इर्याबाईंनी विचारलं.

कोझाकने छताकडे पाहायला मान वर केली. बाहेर छत नव्हतं.

सभा सुरू झाली. इर्याबाईंनी पट वाचला. "अकरा," त्या म्हणाल्या. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं. मग पेन्सिल कानामागून काढली. "पण तो निएमी कोण म्हणालात? नवा सभासद आहे का? असेल तर बारा झाले. नाव लिहिते आणि विषय संपवते. पहिलं नाव काय?"

लॉर्नाने टेबलाखालून आर्व्होच्या पायाला पाय मारला. कोझाक डोळ्यांनी हो म्हणा, हो म्हणा असं विनवत होता. पेन्सिल कागदावर टेकली होती. एक शब्द उच्चारला असता तर तळघर वाचलं असतं.

आर्व्होने भिंतीवरच्या स्वतःच्या पाटीकडे पाहिलं. सभा तळघरातच होती.

"लिहू नका," तो म्हणाला. "निएमी नावाचा माणूस नाही. तो मी आहे. सहा आठवडे मी दर गुरुवारी फोर्ट विल्यमला ज्युदो शिकायला जातोय. खोट्या नावाने." मग तो वर्गाकडे वळला. "आणखी कोण कोण जातं, हात वर करा."

सात हात वर गेले. पाच त्याला माहीत होते. उरलेले दोघं बुधवारी बॉक्सिंगला जात. त्यांनी प्रश्न नीट ऐकला नव्हता.

"माझ्याच नियमाप्रमाणे मी आणि हे सात जण वर्गातून बाद," आर्व्हो म्हणाला.

इर्याबाईंनी बोटांवर मोजलं. "म्हणजे राहिले चार?"

"मी पटावर नसतो. चार."

"आर्व्हो," इर्याबाई म्हणाल्या, "तू माझ्याकडे एक माणूस कमी घेऊन आलास आणि आता आठ कमी झालेत. तू हिशेब कोणाकडे शिकलास?" मग पेन्सिल खाली ठेवली. "ते जाऊ दे. मघाशी बाहेर तू उठलास कसा?"

"पडायचं शिकलो म्हणून."

"गेल्या हिवाळ्यात माझ्या तिघी जणी पडल्या. दोघींची मांडीची हाडं गेली, आणि हिल्डा अजून वॉकर घेऊन नाचते, सगळी रांग तिला वळसा घालून जाते. हे पडणं सत्तर वर्षांच्या बाईला शिकवता येतं?"

"येतं. पण मी नाही शिकवू शकत, मी सहा आठवड्यांचा विद्यार्थी. एक बाई आहेत. ओडेट ब्रिझब्वा." मग आवाज खाली आणत म्हणाला, "फोर्ट विल्यमच्या."

 खोट्या नावाबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. फोर्ट विल्यमच्या बाईला हॉलमध्ये घ्यावं की नाही, यावर मात्र पस्तीस मिनिटं चर्चा झाली. शेवटी चार विरुद्ध तीन मतांनी ठराव झाला : बाईंना घ्यायचं आणि तळघर दोन्ही गटांनी मिळून वापरायचं. तोवर आर्व्होने खुर्चीवर चढून पाटी उतरवली होती. त्यामुळे बाद झालेले सात जण परत पटावर आले.

जानेवारीपासून गुरुवारी तळघरात ओडेटबाईंच्या गाद्या पसरल्या. अकरा कराटेवाले आणि चौदा नाचणाऱ्या, पंचवीस नावं पटावर चढली. इर्याबाई पहिल्यांदा पडल्या तेव्हा म्हणाल्या, "अगंबाई, हे तर नाचापेक्षा सोपं आहे." हिल्डाने वॉकर भिंतीला लावून ठेवला, तो मार्चमध्ये कोणीतरी चुकून घरी नेला तरी तिला पत्ता लागला नाही. मंगळवारी ओडेटबाईंची मंडळी येऊन आर्व्होकडून ठोसा चुकवायला शिकत. ठोसा मारल्यावर उजवीकडे बघायचं नाही, हे तो त्यांना पहिल्याच दिवशी सांगे. स्वतः तो अजूनही बघतो.

गुरुवारच्या रांगेत उभं राहायचं ते पट्ट्याच्या मानाने. मे महिन्यात हिल्डाला पांढऱ्याच्या वरचा, पिवळा पट्टा मिळाला. आर्व्हो पांढऱ्या पट्ट्यात तिच्यामागे उभा राहतो आणि ती मागे वळून सांगते, "हनुवटी, आर्व्हो. हनुवटी."

२७ नोव्हेंबरची फी त्याने तीनदा देऊन पाहिली. ओडेटबाई घेत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की लेप्पालाकडे काही बाकी नाही. ज्याच्याकडे बाकी आहे त्याने येऊन द्यावं.

कारी निएमी यांच्याकडून दहा डॉलर येणे आहे.